माझी दिवाळी टॉप फाइव्ह

दिवाळी आली की ऑफिसात दोन गट पडतात. एक फराळवाला आणि दुसरा 'कुठला पिक्चर लागतोय'वाला. मी दुसऱ्यातला. म्हणजे चकली खाता खाताच, पण दुसऱ्यातला! परवा लंच टाइमला विषय निघाला, तुझे टॉप फाइव्ह दिवाळी पिक्चर कुठले? लिस्ट सांगितली तर सगळे हसले. पण माझ्या लिस्टचा नियम वेगळा आहे, बॉस. पिक्चर किती भारी होता, हे बघायचंच नाही. तो बघायला किती किंमत मोजली, ते बघायचं.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मध्ये, किन्हवलीकडचं. पिक्चर बघायचा तर कल्याण गाठायचं. एक तर आसनगावहून लोकल, नाहीतर मुरबाडहून एसटी. तानसा, भातसा, मोडकसागर, सगळी धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. मुंबईला पाणी आमच्याकडून जातं, पण पिक्चर काही तिकडून आमच्याकडे येत नाही.

तर, उलट्या क्रमाने.

नंबर पाच : ओम शांती ओम (२००७). त्याच दिवशी 'सावरिया'ही आला होता. इकडे दीपिका, तिकडे रणबीर आणि सोनम, सगळे नवे कोरे. तोवर मला ठाण्यात नोकरी लागली होती. मल्टिप्लेक्स, एसी, हातात पॉपकॉर्न. धम्माल आली, पण त्रास शून्य. म्हणून पाचवा.

नंबर चार : जान-ए-मन (२००६). खरं तर गेलो होतो शाहरुखचा 'डॉन' बघायला. खिडकीवर हाऊसफुल्लची पाटी! एवढ्या लांबून येऊन परत कोण जाणार? म्हणून शेजारी जे लागलं होतं, त्यात शिरलो. गावात मात्र आठवडाभर 'डॉन'ची स्टोरी सांगत फिरलो. जुना अमिताभचा पाठ होता ना, तोच खपवला. शेवट वेगळा आहे, हे मागाहून कळलं.

नंबर तीन : कुछ कुछ होता है (१९९८). अकरावीत होतो. आम्ही चौघं शेवटच्या रांगेत बसून रडलो आणि चौघांनीही डोळ्यात काहीतरी गेल्याचं सांगितलं. त्या नादात मुरबाडची शेवटची एसटी चुकली. रात्र स्टँडच्या बाकड्यावर, मच्छरांच्या संगतीत काढली. सकाळी घरी पोचलो, तर आईने फराळाच्या आधी शिव्याच वाढल्या.

नंबर दोन : मोहब्बतें (२०००). इथे मात्र हसू थांबतं. दिवाळी म्हणजे आमच्याकडे भातकापणी. पाडव्याच्या आदल्या दिवशी पिक्चर लागला आणि त्याच दिवशी कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर आणायचे होते. मी पहाटेच सटकलो. पिक्चर साडेतीन तासांचा. पडद्यावर अमिताभ कडक शिस्तीचा, आणि घरी परतताना डोळ्यांसमोर बाबा. पोचलो तेव्हा अंधार पडलेला. आईबाबांनी दोघांनीच सगळे भारे वाहून आणले होते. बाबांच्या खांद्याची साल निघाली होती. ते एक शब्द बोलले नाहीत. वाटलं, रागावलेत. पुढे कित्येक दिवाळ्या मी त्यांच्यापुढे पिक्चरचं नावही काढलं नाही.

नंबर एक : कट्यार काळजात घुसली (२०१५). पाडव्याचा दिवस. त्याच दिवशी सलमानचा 'प्रेम रतन धन पायो'ही लागला होता, मित्र तिकडे बोलवत होते. पण बाबा आमच्या भजनी मंडळात गाणारे, आणि सुबोध भावेने दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा काढला तो गाण्यावरचा. भीत भीत विचारलं, "बाबा, येता का?" ते म्हणाले, "थांब, सदरा बदलतो."

थिएटरमध्ये त्यांचा हात मांडीवर ताल धरून होता. इंटरव्हलला चहासुद्धा घेतला नाही, उठलो तर गाणं सुटेल म्हणे! येताना आसनगाव लोकलमध्ये खिडकी मिळाली. वासिंद गेलं आणि ते एकदम म्हणाले, "मागं तू एकटाच गेला होतास बघ, भातकापणीत."

मी गप्प.

"मला विचारलं असतंस तर मीपण आलो असतो. भारे काय रे, दुसऱ्या दिवशीही आणले असते."

पंधरा वर्षं मी ज्याला राग समजत होतो, तो राग नव्हताच. बाबांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून दिवाळीत आधी खळं आणि मग थिएटर. तिकिटं दोन. पिक्चर कुठला, ते बाबा ठरवतात. २०२४च्या दिवाळीत 'सिंघम अगेन' की 'भूलभुलैया ३', यावर घरी चांगलंच वाजलं. तुमची लिस्ट काय असेल ती असो. यंदा तिकीट काढण्याआधी घरी एक फोन करा. कोण जाणे, कुणीतरी सदरा बदलायला तयार बसलेलं असेल.