खेळाला ताजं, कामाला मुरलेलं

लिनक्सचं कुठलं डिस्ट्रो घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी ग्राफिक्स कार्ड कुठलं ते विचारतो. मग कुठले गेम खेळतोस ते. डिस्ट्रोचं नाव त्यानंतर. ही सवय लागली ती घरचा जुना पीसी लिनक्सवर नेताना.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर सहसा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, माझा सातव्या पिढीचा. मशीन मात्र ठणठणीत. नोकरीत लिहिलेला कोड शेवटी लिनक्स सर्व्हरवरच चालतो, त्यामुळे प्रोग्रॅमिंगची चिंता नव्हती. चिंता होती रात्री जेवणानंतरच्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ची.

तीही फार टिकली नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. त्याच्या पायावर, स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या वाल्वने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं आणि डायरेक्ट-एक्सचे आदेश व्हल्कनमध्ये बदलणारं डीएक्सव्हीके त्यात घातलं. पुढे २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं, त्याची सिस्टिमच आर्च लिनक्सवर उभी. म्हणजे लिनक्सवर गेम चालणं ही आता हौशी लोकांची खटपट राहिलेली नाही, एका मोठ्या कंपनीचा धंदा त्यावर चालतो. ‘विचर ३’ आणि ‘एल्डन रिंग’ माझ्याकडे स्टीममधून नेहमीसारखे उतरले आणि चालले.

बातमी भाच्याला सांगितली.

“मामा, व्हॅलोरंट चालतं?”

“नाही रे.”

“मग काय उपयोग?”

त्याच्या बाजूने बरोबरच होतं. व्हॅलोरंटची फसवेगिरी पकडणारी व्हॅनगार्ड प्रणाली विंडोजच्या कर्नलमध्येच जाऊन बसते. प्रोटॉन विंडोजची भाषा बोलतं, पण विंडोजचं कर्नल कुठून आणणार? इथे डिस्ट्रो बदलून काही होत नाही. फोर्टनाइटचं तेच. एपेक्स लेजेंड्स तर आधी चालायचा, २०२४ मध्ये त्याने लिनक्सचं दार बंद केलं. भाच्याच्या मशीनवर विंडोजच राहू दिलं. ज्याचा रोजचा खेळ हा आहे, त्याला लिनक्सचा आग्रह करणं मला पटत नाही.

माझ्याकडचं कार्ड एनव्हिडियाचं, जीटीएक्स १०६०. एनव्हिडियाने २०२५ मध्येच जाहीर केलं होतं की त्या पिढीच्या कार्डांना ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. सतत पुढे सरकणाऱ्या डिस्ट्रोवर असं कार्ड लावायचं म्हणजे जुना ड्रायव्हर सांभाळत बसायचं. ते विकून एएमडीचं सेकंडहँड आरएक्स ६६०० घेतलं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसा या ग्राफिक्स लायब्ररीत आधीच असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. (एचडीएमआय २.१ मात्र नव्हतं. एचडीएमआय फोरमने एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरला २०२४ मध्ये परवानगी नाकारली. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असल्याने माझं काही अडलं नाही.)

खरी ओढाताण इथून पुढे. खेळाला ताजं लागतं आणि कामाला लोणच्यासारखं मुरलेलं. नव्या गेमच्या अडचणी मेसाच्या नव्या आवृत्तीत सुटतात, ऑफिसच्या कोडला मात्र कालचंच पायथन आजही हवं असतं. डेबियन मला मनापासून आवडतं, पण त्याची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात मेसा बहुतेक जिथल्या तिथे. मिंट नवख्या माणसाला मी आजही डोळे मिटून सुचवतो. माझ्यासाठी तेही थोडं सावकाश. आर्चवर सगळं ताजं, पण सोमवारी सकाळी मीटिंगच्या आधी अपडेटची सूचना वाचत बसायची माझी तयारी नाही.

नाव मोठं म्हणून घेण्यातही अर्थ नाही. २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम बसवायला घेतलं आणि सिस्टिमने आख्खा डेस्कटॉपच काढून टाकला. पॅकेजमध्ये गडबड होती. पडद्यावर इशारा आला होता, त्याने ‘हो’ म्हणून टाइप केलं. लोक त्याला हसले. मी नाही हसलो. स्टीम बसवताना इतका मजकूर कोण वाचतं?

शेवटी फेडोरा ठरलं. साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि चालू आवृत्तीतही कर्नल पुढे जात राहतं. मुरलेल्याची सोय मी वेगळी केली. फेडोरा ४३ मध्ये पायथन ३.१४ आहे, आमच्या प्रोजेक्टला ३.१२ लागतं. म्हणून डिस्ट्रोबॉक्सने आत उबंटू २४.०४ चा कंटेनर उभा केला. त्यात ३.१२ मुळातच येतं. एडिटर बाहेर, कोड आणि लायब्ऱ्या आत. डेटाबेस पॉडमनमध्ये. हे जमल्यावर डिस्ट्रो निवडण्याचं ओझंच उतरलं, कारण खालच्या सिस्टिमकडून मला फक्त चांगला ड्रायव्हर हवा होता.

किरकोळ कामं उरतातच. पेटंटमुळे फेडोरा काही व्हिडिओ कोडेक देत नाही, ते आरपीएम फ्यूजनमधून घ्यावे लागतात. जुन्या विंडोज ड्राइव्हवरचे गेम तिथूनच चालवायला जाऊ नये. प्रोटॉन ‘सी कोलन’ अशा नावाची लिंक तयार करतं आणि विंडोजला फाइलच्या नावातला कोलन चालत नाही. गेम ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएसवर पुन्हा उतरवावेत. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट आहेच.

फेडोराची नवी आवृत्ती आली की पहिले काही आठवडे मी हात लावत नाही. जुनीला साधारण तेरा महिने अपडेट मिळतात, त्यामुळे मधली एखादी गाळली तरी चालतं. उबंटूचा कंटेनर मात्र तसाच राहतो. खाली काय बदललं याचा त्याला पत्ताही नसतो.