कंबर किती?

कंपनीच्या वार्षिक तपासणीत वजनाच्या काट्याची मला धास्ती नव्हती. हातपाय किडकिडीत, शर्ट घातला की पोट झाकलं जायचं. पण डॉक्टरबाईंनी टेप काढला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध तो गुंडाळला, म्हणाल्या, ''श्वास सोडा, पोट आत ओढू नका.'' ९७ सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी मर्यादा ९० ची, बाईसाठी ८० ची. त्यापुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढत जातो.

हातपाय बारीक असूनही हे कसं, असं विचारलं तर त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण दिलं. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपल्याकडे सडपातळ माणसाच्या पोटातही चरबी साठते ती अशी.

मग त्यांनी विचारलं, ''संध्याकाळी काय खाता?'' हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. ऑफिस अंधेरीला, घर डोंबिवलीला. डबा एकला संपायचा, घरी पानावर बसायला साडेनऊ. मधे दादरला गाडी बदलताना पोटात नुसती आग पडलेली असायची. पुलाखाली कढईतून वडा निघतोय, पावाला लाल चटणी फासली जातेय, वर मीठ लावलेली तळलेली मिरची. एकाने भागायचं नाही. घरी पुन्हा पूर्ण जेवण. बायको आणि मी दोघंही दमून आलो की मोबाइलवरून बर्गर किंवा नूडल्स, आणि सोबत थंड पेयाची मोठी बाटली, कारण ती जोडीने घेतली की स्वस्त पडायची.

वडापावला मी दोष देणार नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो विकायला सुरुवात केली असं सांगतात, आणि गिरणीतल्या माणसाचं पोट त्याने कमी पैशात भरलं. तो कामगार पाळीभर उभा राहून राबायचा. मी दिवसभर खुर्चीत असतो.

डॉक्टरबाईंनी काही बंद करायला सांगितलं नाही. पाच वाजता खा, एवढंच म्हणाल्या. बायकोने आणि मी मिळून दुसरा, छोटा डबा सुरू केला: कधी मोड आलेल्या मटकीची उसळ, कधी फुटाणे नि काकडी. दादरच्या पुलावर वास तोच येतो, पण पोटात आग नसते, त्यामुळे पाय थांबत नाहीत. वडापाव आता शनिवारी, दोघांनी मिळून, चवीने. कंबर उतरतेय, हळूहळू.

माणसाला खाण्यावर ताबा नाही, असं जाड माणसाकडे बघून फार सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. आठ तास उपाशी माणसासमोर फक्त तळलेलं आणि मैद्याचंच ठेवलं, तर तो दुसरं काय खाणार? आमच्या कँटीनमध्येही पाच वाजता सामोसे आणि क्रीमची बिस्किटंच असायची. आम्ही काही जणांनी मिळून मागणी लावून धरली, तेव्हा उसळ आली, आणि ती रोज संपते.

आज घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर टेपने मोजा. आणि तुमच्या ऑफिसात कँटीनचं कंत्राट ज्यांच्या हाती असेल, त्यांच्याकडे पाच वाजताच्या उसळीची मागणी करा.