उद्यान एका दिवसाचं, सहल किती दिवसांची?

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. लेकरं म्हणतात, ‘यंदा रामोजीला जाऊ.’ शेजारची मुलं जाऊन आलेली असतात, बाहुबलीच्या सेटपुढं काढलेले फोटो त्यांनी दहादा दाखवलेले असतात. घरचे कर्ते म्हणतात, ‘जाऊ की, त्यात काय! रात्री निघू, दिवसभर बघू, रात्री परत.’ मुलांना चार दिवस हवे असतात. सासूबाई म्हणतात, ‘एवढं लांब निघालोच आहोत तर वाटेत बासरही करू.’ आणि शेवटी सगळे तुमच्याकडं बघतात. कारण बॅगा तुम्ही भरणार, धपाटे तुम्ही थापणार, धाकट्याला कडेवर तुम्ही घेणार आणि परत आल्यावर धुण्याचा ढीगही तुमच्याच पुढ्यात पडणार.

तेव्हा मैत्रिणींनो, किती दिवस जायचं हे ठरवताना तुमचा शब्द पहिला असायला हवा. पण नुसतं ‘मला झेपत नाही’ म्हणून भागत नाही, हिशेब मांडून दाखवावा लागतो. तो कसा मांडायचा ते आज पाहू.

जत्रा वेगळी, उद्यान वेगळं

पाळणे आपल्याला नवे नाहीत. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची. रहाटपाळणा, मौत का कुवा, खेळण्यांची दुकानं, सगळं तिथं असतं. पण जत्रेत ज्या पाळण्यात बसलात त्याचेच पैसे द्यायचे. लेकरू रडायला लागलं, आजींचे गुडघे बोलायला लागले की घरी निघायचं. कुणाला वाईट वाटत नाही.

थीम पार्कमध्ये दारातच अख्ख्या दिवसाचं तिकीट काढावं लागतं. एकदा ते पैसे गेले की घरातल्या माणसांच्या अंगात एक वेगळंच वारं शिरतं. ‘एवढे पैसे भरलेत, काही सोडायचं नाही!’ मग भुकेची वेळ टळते, लहानग्याची झोप टळते, आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला जी रडारड आणि चिडचिड सुरू होते ती रात्रीच्या गाडीपर्यंत पुरते. दिवसांचं गणित चुकतं ते इथं. तिकिटाचे पैसे सकाळीच खर्च झालेले असतात. दमल्यावर आणखी दोन तास फिरलं म्हणून ते परत येत नाहीत.

आपल्या बाजूनं कुठं जाता येतं?

१९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं, तेव्हा मराठवाड्यातून तिथं जाणं म्हणजे मोठाच घाट होता. ते पार्क आता बंद आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ खोपोलीला २०१३ साली इमॅजिका सुरू झालं. लातूरहून पुण्याकडं जाणाऱ्यांना ते जमण्यासारखं आहे, पुण्यात नातेवाईक असतील तर अधिकच.

पण नांदेड, देगलूर, उदगीर, निलंगा या भागाला जवळचं म्हणजे हैदराबाद. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात. आपल्या आजोबा-पणजोबांची कोर्टकचेरी तिथं, दवाखाना तिथं, लग्नाच्या बांगड्याही तिथल्याच. अजूनही नांदेडहून मुंबई जेवढी लांब, त्याच्या निम्म्या अंतरावर हैदराबाद आहे.

हैदराबादला मुख्य ठिकाणं दोन. पहिलं रामोजी फिल्म सिटी. ‘ईनाडू’ या तेलुगू दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनी ते १९९६ साली उभारलं. २०२४च्या जूनमध्ये त्यांचं निधन झालं. जगातला सर्वांत मोठा चित्रपट-स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. दुसरं ठिकाण वंडरला. ते २०१६ साली शहराच्या दक्षिणेला, बाहेरच्या रिंगरोडलगत सुरू झालं.

कोणत्या ठिकाणाला किती वेळ लागतो?

रामोजी मूळचं शूटिंगचं ठिकाण आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर ‘पाळणे कुठं आहेत?’ हा प्रश्न दिवसभर ऐकावा लागेल. तिथं बसमधून सेट दाखवतात, बागा आहेत, पक्षी आणि फुलपाखरं आहेत. ठरावीक वेळांना नाचगाण्याचे आणि हाणामारीच्या करामतींचे खेळ होतात. लहान मुलांसाठी ‘फंडुस्तान’ नावाचा भाग आहे. हे सगळं शांतपणे बघायला सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळपर्यंतचा एक दिवस लागतो आणि पुरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सेट, तेच खेळ. तेव्हा रामोजीला दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी तेच पैसे राहण्यावर घाला. पाच माणसांच्या एका दिवसाच्या तिकिटांत मध्यम लॉजच्या दोन खोल्या सहज मिळतात.

वंडरलात पाळणे आणि पाण्याचे खेळ एकाच तिकिटात येतात. तिथंही एक दिवस पुरतो. पण हे ठिकाण धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांचं. तीन वर्षांचं लेकरू आणि सत्तरीच्या आजी यांनी तिथं दिवसभर काय करायचं, याचा विचार आधी करा. इमॅजिकात मात्र कोरडं पार्क वेगळं आणि पाण्याचं वेगळं, तिकिटंही वेगवेगळी. दोन्ही करायची असतील तर दोन दिवस धरा, एका दिवसात दोन्हींचा हट्ट नको.

एक लक्षात ठेवा, रामोजी एका दिवशी आणि वंडरला लगेच दुसऱ्या दिवशी, असं लागोपाठ ठेवू नका. मोठ्यांचे पाय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच साथ देतात.

मोजमाप कुणावरून घ्यायचं?

घरात जो माणूस सर्वांत लवकर दमतो, त्याच्यावरून दिवस मोजावेत. सर्वांत उत्साही माणसावरून मोजले की सहल फसलीच समजा.

समजा, तुमच्या घरी पाच वर्षांच्या आतलं मूल आहे आणि सासूबाईही बरोबर आहेत. अशा घरानं रात्रीचे दोन प्रवास सोडून मध्ये तीन दिवस धरावेत. त्यात उद्यानाचा दिवस एकच, आणि तोही मधला. सासूबाईंना अख्खा दिवस फिरणं होणार नसेल तर त्यांना तसं प्रेमानं विचारा. ‘आई, तुम्ही खोलीवर निवांत राहता का, की आमच्याबरोबर येऊन बागेत बसता?’ असं विचारलं की त्यांनाही मोकळेपणी सांगता येतं. मनातून नको असताना पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना ‘आपल्यामुळं अडायला नको’ म्हणून फरफटत जावं लागतं.

मुलं आठ ते चौदा वर्षांची असतील, बरोबर म्हातारं कुणी नसेल, तर दोन दिवसांत भागतं. पहिल्या दिवशी पोचून आराम, दुसऱ्या दिवशी उद्यान आणि मुक्काम, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत.

तिसरं घर आपल्याकडं फार दिसतं. मोठा मुलगा किंवा मुलगी अकरावी-बारावीला, लातूर पॅटर्नच्या शर्यतीत. आई लातुरात खोली करून लेकराजवळ राहते, वडील नोकरीपायी नांदेडला किंवा गावी, धाकटं कधी इकडं कधी तिकडं. त्या घराला दिवाळीत जेमतेम चार-पाच दिवस एकत्र मिळतात. तेवढ्यात तीन दिवसांची सहल काढली तर लेकराच्या मनावर अभ्यासाचं ओझं राहतं. नाही काढली तर पुढं ते कुठल्या गावी शिकायला जाईल आणि चौघं पुन्हा कधी एकत्र निघतील, याचा नेम नसतो. अशा घरासाठी मी म्हणेन, दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस काढाच, पण आपल्या गाडीनं किंवा ठरवलेल्या जीपनं, म्हणजे गाडीच्या वेळेची कटकट नाही. आणि त्या दिवसात मार्कांचा विषय कुणीही काढायचा नाही, हे निघतानाच ठरवून टाका. उरलेले दिवस घरीच, चौघांनी एका पंगतीला बसून जेवण्यात जाऊ द्या. लेकराला त्याचीही तेवढीच भूक असते.

उद्यानाचा दिवस मधला का?

याचं कारण रस्त्यात आहे. नांदेडची रेल्वे मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद अशी जाते, लातूरकडची लातूर रोड, उदगीर, भालकी, बीदर, विकाराबाद अशी. दोन्हीकडून आपण हैदराबादच्या पश्चिमेकडून किंवा उत्तरेकडून शिरतो. आणि रामोजी आहे नेमकं पलीकडं, विजयवाड्याच्या रस्त्यावर, शहराच्या मध्यापासून साधारण तीस किलोमीटरवर. स्टेशनावर उतरून, चहा-आंघोळ करून तिथं पोचेपर्यंत अर्धी सकाळ गेलेली असते. मोटारीनं जाणाऱ्यांनी शहरात न शिरता बाहेरचा रिंगरोड धरावा आणि पेद्दा अंबरपेटला उतरावं, तिथून रामोजी जवळ आहे.

परतीच्या दिवशीही उद्यान नको. ओले कपडे, पेंगलेली मुलं आणि डोळ्यांपुढं गाडीचं घड्याळ, अशा धांदलीत घालवलेली संध्याकाळ कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पहिला दिवस हलका ठेवा. सालारजंग म्युझियम बघा, पण ते शुक्रवारी बंद असतं. चारमिनारजवळच्या लाड बाजारात बांगड्या घ्या, संध्याकाळी हुसेनसागरच्या काठी बसा. बासरचं म्हणाल, तर तिथं धाकट्याच्या अक्षराभ्यासासाठी वेगळं, सवडीनं जावं. देवीच्या दारात घड्याळाकडं बघत उभं राहण्यात काय समाधान? सासूबाईंना हे पटतं, फक्त तारीख मात्र लगेच ठरवून सांगा.

निघण्यापूर्वी

रेल्वेचं आरक्षण २०२४च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधी सुरू होतं. दिवाळीचं जायचं असेल तर भाद्रपदातच कॅलेंडर हातात घ्या. जमलं तर दिवाळीची गर्दी टाळून डिसेंबर-जानेवारीतला मधला वार बघा. मे महिन्यात हैदराबादचं ऊनही आपल्यासारखंच चाळिशी गाठतं, तेव्हा जायचं झालं तर एक दिवस जास्तीच धरा.

पाळण्यांच्या उद्यानांत मुलांचं तिकीट बहुधा वयावर नसतं, उंचीवर असतं. कोणत्या पाळण्यात बसता येईल तेही उंचीवरच. दाराच्या चौकटीला मुलं उभी करून आधी मापून घ्या, म्हणजे दारात वाद नको आणि धाकट्याचा हिरमोडही नको.

पाण्याच्या खेळांत साडी, सलवार-कमीज, सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनसारख्या कापडाचा पोशाख लागतो. तो तिथं भाड्यानं घेण्यापेक्षा घरून न्यावा. तुम्हाला पाण्यात उतरायचं असेल तर स्वतःसाठीही न्या, ‘मी पिशव्या सांभाळते’ म्हणून काठावर बसू नका. पिशव्या पाळीपाळीनं सगळ्यांनी सांभाळाव्यात. मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं घरीच ठेवा, गळ्यात साधा काळ्या मण्यांचा आखूड सर पुरे.

बाहेरचे पदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत. लहान बाळाच्या खाण्याबद्दल आणि औषधांबद्दल आधी फोन करून विचारून ठेवा. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी प्रवासापुरती आणि खोलीवर खाण्यापुरती न्या. प्रत्येक मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. गर्दीत लेकरू घाबरलं की पाठ असलेला नंबरही विसरतं.

आणि एक दिवस, जो कुणीच मोजत नाही. तो म्हणजे परत आल्यानंतरचा. रविवारी रात्री घरी पोचायचं आणि सोमवारी सकाळी डबे, शाळा, ऑफिस, असं वेळापत्रक आखू नका. शनिवारी सकाळपर्यंत घरी या. त्या दिवशी स्वयंपाकाला खिचडी पुरते. धुणं भिजवायचं काम मुलांना सांगा, पिशव्या रिकाम्या करायचं काम घरच्या कर्त्यांना. हा दिवस सहलीतच धरलेला आहे, असं निघण्याआधी सर्वांसमोर बोलून ठेवा, म्हणजे मग कुणी कुरकुरत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. उद्यानाचा एक दिवस, त्याच्या आधीचा हलका दिवस, नंतरची एक निवांत सकाळ आणि घरी आल्यावरचा तुमचा दिवस, असे चार चौकोन कॅलेंडरवर रंगवा आणि संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांपुढं ठेवा. कुणी म्हणालं, ‘एवढे कशाला?’ तर त्यालाच विचारा, यातला कोणता चौकोन खोडू?