दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ते पाच एचपी

पिंपळगाव रेणुकाईत एचपी म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवर तीनची मोटर आहे की पाचची, यावरून रान किती भिजेल याचा अंदाज बांधला जातो. भोकरदन तालुक्यातलं हे मिरचीच्या बाजाराचं गाव. भर उन्हाळ्यात मल्चिंग अंथरायचं, ठिबकवर रोपं जगवायची आणि विहिरीचं पाणी पावसापर्यंत पुरवायचं. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की बॅटरी घेऊन अंधारात मोटर चालू करायला जायचं. सौर पंप आले आणि ज्यांना ते मिळाले त्यांची ही रात्रपाळी सुटली. त्या सोलरच्या प्लेटांपाशी मी मात्र आणखी एका कारणानं रेंगाळतो. ऊर्जेचं अतिसूक्ष्म माप आणि शेतकऱ्याच्या तोंडचं माप तिथे एकाच बांधावर भेटतात.

ऊन सलग पडल्यासारखं दिसतं, पण उजेड कणाकणानं येतो. आइन्स्टाइन यांनी ही कल्पना 1905 मध्ये मांडली. तांबड्या उजेडाच्या एका कणात पावणेदोन-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, जांभळ्याच्या कणात तीनच्या आसपास. एक इलेक्ट्रॉन एका व्होल्टच्या ओढीनं सरकला की त्याला जेवढी ऊर्जा मिळते, तो एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. असे 624 वर 16 शून्यं इतके जमले की एक ज्यूल भरतो. आणि ज्यूल तरी केवढा? शंभर ग्रॅम मिरच्या जमिनीवरून मीटरभर उचलल्या की झाला. पाचची मोटर दर सेकंदाला असे 3,730 ज्यूल देते. 36 लाख ज्यूल म्हणजे वीजबिलावरचं एक युनिट.

आता उलटा हिशेब करा. पाच एचपी म्हणजे सेकंदाला 233 वर 20 शून्यं इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वहीत हा गुणाकार दोन ओळींत उरकतो. प्लेटेवर मात्र तो खरोखर घडत असतो, एकेका कणाचा, एकेका इलेक्ट्रॉनचा. ते जाणवलं की ठिबकच्या तोटीतून पडणाऱ्या थेंबाकडे मला नुसतं पाणी म्हणून पाहवत नाही.

पण निव्वळ बेरजेनं हे काम होत नाही, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला साधारण 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि तेही एकाच कणाकडून. मे महिन्यात तापलेला पत्रा शेजारी ठेवला तर त्यातूनही भरपूर ऊर्जा बाहेर पडते. पण तिचे कण पडतात एक दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे. असे दहा कण मिळून एकाचं काम करत नाहीत. उलट उष्णतेनं प्लेट बिघडते: तिचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशाला वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. रणरणत्या दुपारी पंप जोर धरत नाही, तो यामुळेही. मिरचीच्या पानाचंही तसंच आहे. त्याला साखर करायला तांबड्या-निळ्या उजेडाचे कण लागतात. गरम वाऱ्याची झळ कितीही लागली तरी ते फक्त कोमेजतं.

माणसाचं मापही याच फुटपट्टीवर बसतं. दिवसभर मिरची तोडणाऱ्या बाईच्या पोटात अडीच हजार किलोकॅलरी गेल्या, तर ते झाले सुमारे एक कोटी ज्यूल, म्हणजे तीन युनिटांनाही थोडे कमी. पाचची मोटर तेवढं काम पाऊण तासात करून टाकते. त्या तीन युनिटांत बाईचं चालणं, वाकणं, श्वास, अंगाची ऊब आणि संध्याकाळचा स्वयंपाकही आला.

आणि तिच्या बोटांची आग? मिरची तोडून हात भणभणतात, रात्री झोप लागू देत नाहीत. पण थर्मामीटर लावला तर पारा हलणार नाही. चेतापेशींवर एक ग्राहक असतो, साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेला जागा होणारा. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तिथेच जाऊन बसतं आणि मेंदूला भाजल्याची खबर पोचते. डेव्हिड ज्युलियस यांनी हा ग्राहक शोधला आणि त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. या आगीत मोजण्याजोगे ज्यूल नाहीतच. तिचा त्रास मात्र खरा आहे, आणि मजुरी ठरवताना तो धरला गेला पाहिजे.

एककांचं रूपांतर आपल्या शाळांत सूत्र पाठ करून, शून्यं मोजून संपतं. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: हा धडा आला की मुलांना जवळच्या सौर पंपावर घेऊन जा. पंपावरचे एचपी वाचायला लावा, ज्यूल काढायला लावा, मग इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्लेटेवर धूळ बसली असेल तर ती सकाळी, काच थंड असताना, मुलांकडूनच धुवून घ्या.