नॉर्वेची पाहुणी आणि ‘फारमोर’ आजी

बालमित्रांनो, घरी जगाचा नकाशा असेल तर तो जरा जमिनीवर पसरा. युरोपच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राने कुरतडल्यासारखा दिसणारा एक लांबट देश आहे. तो नॉर्वे. हा देश आपल्या महाराष्ट्रापेक्षा मोठा, पण तिथली माणसं मोजली तर सुमारे ५५ लाख. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतच ९४ लाखांहून जास्त लोक होते! आता बोट खाली आणा आणि पुणे जिल्ह्यातले दौंड आणि शिरूर हे दोन तालुके शोधा. या दोन ठिकाणांना जोडणारी एक दोरी आमच्या घरात आहे. त्या दोरीचं नाव मामा.

माझे मामा शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचे. शिकून ते नॉर्वेतल्या बरगेन या बंदराच्या गावी गेले. तिथं जहाजांच्या कामात अभियंता झाले. मामी तिकडचीच, आणि त्यांची मुलगी अकरा वर्षांची. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आजीनं पहिला प्रश्न विचारला, “त्यो येनार का?” कारण मुलीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. आणि आमचे मामा तर तब्बल बारा वर्षांत गावी आले नव्हते.

ते आले. मुंबईला विमानातून उतरले आणि तिथून हट्टानं रेल्वेनं दौंडला आले. आम्ही म्हणत होतो, पुण्यालाच उतरा, गाडी पाठवतो. पण मामा म्हणाले, “लहानपणी मी जग पाहिलं ते दौंडच्या फलाटावर. पोरीला आधी तेच दाखवायचंय.”

मुलांनो, दौंड म्हणजे साधं स्टेशन नव्हे, जंक्शन आहे. पुण्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर. इथून एक रेल्वे सोलापूरकडे जाते, एक अहिल्यानगरवरून मनमाडला आणि एक छोटा फाटा बारामतीला. चहावाल्यांचा गलका, इंजिनांची शिट्टी, आणि हिंदी, तेलुगू, कानडी, मराठी अशा चार भाषा एकाच बाकड्यावर बसलेल्या. मामा माझ्या मामेबहिणीला सांगत होते, “मी इथं उभा राहून गाड्यांच्या पाट्या वाचायचो. पाट्या वाचता वाचता बरगेनला पोचलो बघ!”

दौंडहून आम्ही पाटस, वरवंड करत चौफुल्याला आलो आणि उजवीकडे वळलो. थंडीचे दिवस. रस्त्यानं उसाच्या गाड्या चाललेल्या. गुऱ्हाळावर थांबून आम्ही काकवी आणि गरम गूळ खाल्ला. पाहुणीनं बोटं चाटून साफ केली.

पुढं केडगाव लागलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आणि १८८६ साली अमेरिकेला गेल्या होत्या. बोटीनं, महिनोन् महिने घरापासून दूर. अमेरिकेहून परत आल्यावर त्यांनी त्या देशाची हकिगत मराठीत लिहिली आणि ते पुस्तक १८८९ साली निघालं. १९२२ साली केडगावातच त्यांचं निधन झालं. बघा, दौंड तालुक्याची परदेशाशी ओळख किती जुनी!

पारगावला भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका सुरू होतो. मुळा-मुठेचं पाणी पोटात घेऊन भीमा इथं ऐसपैस झालेली असते. पुलावर मामांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून नदीला हात जोडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

घरी आजी ओट्यावर वाट पाहत बसली होती. वय ८४. तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मग नात पुढं झाली आणि वाकून म्हणाली, “फारमोर!”

आजी बुचकळ्यात पडली. “फार मोर? आगं बाई, हितं कुठं मोर? मोर बघायचं तर चिंचोलीला जावं लागंल!”

सगळे हसू लागले. पाहुणीला काही कळेना. मग मामींनी उलगडा केला. नॉर्वेच्या भाषेत आईला ‘मोर’ लिहितात. उच्चार जवळजवळ ‘मूर’ असा होतो, पण आजीच्या कानांनी मोरच ऐकला! वडिलांना म्हणतात ‘फार’. म्हणून वडिलांची आई ती ‘फारमोर’ आणि आईची आई ‘मोरमोर’. आपण दोघींनाही आजीच म्हणतो. पण काका वेगळा आणि मामा वेगळा, हे आपल्याकडे पक्कं. मामी म्हणाल्या, “आमच्याकडे आता सगळ्यांनाच ‘ऊंकेल’ म्हणतात. पण जुनी माणसं आईच्या भावाला ‘मोरब्रूर’ म्हणायची. म्हणजे आईचा ब्रूर.”

मी शिक्षिका, त्यामुळं मला गप्प बसवेना. मी कागदावर लिहिलं. संस्कृतात मातृ, त्यांचं मोर. संस्कृतात भ्रातृ, त्यांचं ब्रूर. आपलं तीन, त्यांचं त्रे. आपलं नऊ, त्यांचं नी. आपलं नाव, त्यांचं ‘नावन’! मुलांनो, हा योगायोग नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच भाषेपासून युरोपातल्या बऱ्याच भाषा आणि आपल्या संस्कृत, मराठी, हिंदी या भाषा निघाल्या, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे मराठी आणि नॉर्वेची भाषा या लांबच्या चुलत बहिणी. आणखी एक गंमत ऐका. इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सन साहेबांनी भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिच्यातला मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्याचं काम कोणी केलं होतं? स्टेन कोनो नावाच्या पंडितांनी, आणि ते होते नॉर्वेचे!

दुसऱ्या दिवशी आजीचा शब्द खरा करायला आम्ही मोराची चिंचोली गाठली. हे गावही शिरूर तालुक्यातलंच. पाटी वाचून पाहुणी म्हणाली, “आईची चिंचोली?” चिंचांच्या झाडांखाली मोर दाणे टिपत होते. तिनं आजवर मोर प्राणिसंग्रहालयातच पाहिले होते. शेतात, घराच्या कौलावर, माणसांच्या इतक्या जवळ मोर फिरतात, हे तिला खरंच वाटेना.

परतताना कुकडी नदीवरचे रांजणखळगे पाहिले. नदीच्या एका अंगाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, दुसऱ्या अंगाला पारनेर तालुक्यातलं निघोज. मधल्या काळ्या खडकात रांजणासारखे खोल, गोल, गुळगुळीत खड्डे. ते कोणी खोदले? पाण्यानं! खडकाच्या खाचेत गोटे अडकतात. पाण्याच्या भोवऱ्याबरोबर ते गरगर फिरतात आणि जात्यासारखा खडक घासत राहतात. हजारो वर्षं असं झालं की रांजण तयार. पाहुणी एकदम ओरडली, “येट्टेग्रिटे!” तिच्या देशातही असेच खड्डे आहेत. बर्फाच्या प्रचंड थरांखालून वाहणाऱ्या पाण्यानं ते घडवले. येट्टेग्रिटे म्हणजे राक्षसाचं पातेलं. आपल्याकडे रांजण, त्यांच्याकडे पातेलं. दोन्ही देशांतल्या लोकांना स्वयंपाकघरच आठवलं!

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात कुजबूज सुरू झाली. काही पाहुण्यांचं म्हणणं, “बारा वर्षं बाहेर राहिलेला माणूस. रीतभात आठवती का त्याला? चुलत मामा गावातच हायेत, त्येंनाच उभं करा.” मामांच्या कानावर ते गेलं. ते काही बोलले नाहीत, नुसते खाली पाहत राहिले. त्यामागं एक दुखणं होतं. २०२० साली आजोबा गेले. करोनामुळं विमानं बंद होती. मामांना येता आलं नाही. आजोबांचं शेवटचं दर्शन त्यांनी फोनवर घेतलं होतं.

रात्री हळद झाली, जेवणं झाली. मामींनी पेटीतून आपला ‘बुनाड’ काढून दाखवला. लग्नात आणि १७ मे या त्यांच्या राष्ट्रीय दिवशी नेसायचा हा लोकरीचा, भरतकामाचा पोशाख. त्यांच्याकडे भागाभागाचा बुनाड वेगळा असतो. त्यावर चांदीचं एक पदक लावतात. त्याला लहान लहान चकत्या लोंबतात. चांदी चमकली की वाईट शक्ती दूर पळतात, अशी जुनी समजूत. आजीनं पदक हातात घेऊन निरखलं. “हे तर आपल्या पुतळ्याच्या माळंसारखं हाय की! आन् दिष्टीसाठीच घालत्यात म्हना.”

मग मामी त्यांच्याकडच्या लग्नाबद्दल सांगू लागल्या. जेवणाच्या शेवटी ‘क्रान्सेकाके’ नावाचा केक येतो. बदामाच्या पिठाची कडी एकावर एक रचायची, खाली मोठी, वर लहान. आमच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे उतरंडच!” जुन्या काळी नवरीच्या वरातीपुढं व्हायोलिन वाजवणारा चाले. त्यांच्या एका खास व्हायोलिनला वरच्या तारांखाली आणखी तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही, तरी वरची तार वाजली की त्या आपोआप गुणगुणतात. आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या. नवरानवरीवर खास गाणं रचून त्याचे कागद पाहुण्यांना वाटतात. आपल्याकडेही नातेवाइकांची नावं गुंफलेली मंगलाष्टकं छापून वाटत, ते तुमच्या आजीआजोबांना विचारा.

आणि एक रीत फार महत्त्वाची. लग्नाच्या जेवणात घरची माणसं एकेक करून उभी राहतात आणि मनातलं चार शब्दांत बोलतात. मामी म्हणाल्या, “इथं तुम्ही बोलत का नाही?”

तेव्हा मामा उभे राहिले. आवाज कापत होता. म्हणाले, “आबांना मी फोनच्या पडद्यावर निरोप दिला. पडद्याच्या पाया पडता येत नाही. मी लांब राहिलो, हे खरं. पण भाचीच्या जन्माची चिठ्ठी आबांनी पाठवली होती, ती अजून माझ्या पाकिटात आहे.” त्यांनी पाकिटातून पिवळा पडलेला कागद काढला. मांडवात कुणी हललं नाही.

आजी खांबाला धरून उठली आणि म्हणाली, “बापाला शेवटचं पानी पाजायला त्याला येता आलं न्हाई. आता भाचीला बोहल्यावर न्यायचं तरी त्याच्या हातनं होऊ द्या. आन् नात करवली हुईल.” विषय संपला. चुलत मामांनीच पुढं होऊन मामांच्या डोक्याला फेटा बांधला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आवाज दिला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!” मामा माझ्या बहिणीला घेऊन आले. त्यांना सगळी रीत आठवत होती. अंतरपाटाअलीकडे ते तिच्या पाठीशी उभे राहिले. शेजारी परकर-पोलक्यातली करवली, हातात दिव्याचा करा. वारा आला की ती हाताचा आडोसा करायची. अक्षता पडल्या, सनई वाजली, तरी तिनं दिवा विझू दिला नाही.

जेवताना ती मला म्हणाली, “आमच्याकडंही अशी छोटी मुलगी असते. ब्रूडेपिके. पण तिच्याकडं दिवा नसतो. इथं काम जास्त आहे!”

मामींनी नॉर्वेची आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. १८२५ साली तिथल्या स्टाव्हांगर बंदरातून ५२ माणसं एका लहानशा जहाजातून अमेरिकेला निघाली. त्यांच्यामागून पुढच्या शंभर वर्षांत लाखो लोक गेले. शेती थोडी, खाणारी तोंडं जास्त, म्हणून. आज त्यांचे पणतू-खापरपणतू आडनावावरून आपलं मूळ गाव शोधत नॉर्वेत येतात. तिकडची कितीतरी आडनावं म्हणजे जुन्या शेतवाड्यांची नावं. आपल्याकडं गावाला ‘कर’ लागून आडनाव होतं ना, तसंच. म्हणजे नातेवाईक परदेशी जाणं आणि परत येऊन सापडणं, हे काही आपल्याच घरी घडतं असं नाही.

मामा महिन्याभरानं परत गेले. आता दर रविवारी आपल्याकडं संध्याकाळ झाली की नातीचा फोन येतो. हिवाळ्यात नॉर्वेचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं, म्हणून तिच्याकडं तेव्हा दुपार असते. बरगेनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. त्यामुळं आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, “पाऊस हाय का गं?” उत्तरही ठरलेलं, “हाय!” मग ती मराठी धडा वाचून दाखवते. तिनं चुकीचं वाचलं तर आजी हसते, आणि आजीनं ‘ब्रूर’ म्हटलं की ती हसते.

मुलांनो, तुमच्याही घरी असं कुणीतरी असेल. दुबईला, अमेरिकेला, नाहीतर सुरतेला किंवा मुंबईला गेलेलं. पुढचं लग्न येईपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी एक मोठा कागद घ्या. मध्ये तुमचं नाव लिहा आणि भोवती काका, आत्या, मामा, मावशी सगळ्यांना मांडा. कोण कुठं राहतं, शेवटचं कधी भेटलं, हेही लिहा. जिथं जागा रिकामी राहील तिथलं नाव आजीला विचारा. आणि मग त्या माणसाला चार ओळींचं पत्र पाठवा.