चाकाचा आउट

अब्बांचं सायकलचं दुकान साताऱ्यात सदर बझारला होतं. दुकान म्हणजे काय, डोक्यावर तीन पत्रे, एक लाकडी पेटी, हवेचा पंप, पंक्चर शोधायची पाण्याची परात आणि भाड्यानं द्यायच्या सात सायकली. सुट्टीच्या दिवशी पोरं तासाच्या बोलीवर सायकली न्यायची आणि मी दाराशी वही घेऊन वेळ टिपत बसायचो. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मात्र मी 'व्यापार' असं लिहीत असे. पुढं डी.एड. केलं, प्राथमिक शाळेत मास्तर झालो. अब्बा 1998 साली गेले. दुकान मोडलं. पेटी तेवढी मी माळ्यावर टाकली, का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

2023च्या रमजान ईदला धाकट्या मुलाला सायकल घेतली. साडेसोळा हजारांची. आमच्या वेळच्या सायकलीपेक्षा वेगळं जनावर: अॅल्युमिनियमचे रिम, बोटभर केबलचे ब्रेक, एकवीस गिअर. शहरातल्या एका काचेच्या मोठ्या दुकानातून घेतली. मालकानं एक वर्षाचं वॉरंटी कार्ड हाती दिलं आणि म्हणाला, "सर, चाकांकडं पाच वर्षं बघायला लागणार नाही."

पोरगा रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरायचा. पावसाळाभर त्यानं खाडा केला नाही. नोव्हेंबरात ब्रेक दाबला की पुढचं चाक धडधडायला लागलं. मागचं तर हातानं फिरवलं तरी जात्यासारखं करकरायचं. दुकानात नेलं. आतल्या मेकॅनिक पोरानं दोन्ही चाकं पाहिली आणि मालकाकडं पाहिलं. मालक म्हणाला, "दोन्ही चाकं संपली, सर. नवीन जोडी टाकावी लागेल. साडेचार हजार."

"आणि वॉरंटी?"

"ती फ्रेमला. चाकं झिजतात, त्याला कंपनी तरी काय करणार? शिवाय पोरं कशी चालवतात, तुम्हाला ठाऊक आहेच."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी मास्तरी आवाजात दोन शब्द सुनावले. "सात महिन्यांत चाकं संपतात म्हणजे माल खोटा आहे. मी ग्राहक आयोगात जाईन." मालक हसला नाही, पण घाबरलाही नाही. "जा की," म्हणाला.

मग मी खरंच माहिती काढली. जुना 1986चा कायदा जाऊन 2019चा नवा कायदा आला आहे आणि तो 20 जुलै 2020पासून लागू झाला आहे. आपण ज्याला ग्राहक मंच म्हणत आलो, तो आता जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत कधीही जाता येतं. आपल्या लोकांना कोर्ट म्हटलं की धडकी भरते, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. बेगम म्हणाली, "साडेचार हजारासाठी कशाला हेलपाटे? देऊन टाका." पण मला त्या माणसाचं "जा की" झोपू देत नव्हतं.

रात्री तक्रार लिहायला बसलो. मराठी आपलं चांगलं. खरेदीची तारीख, पावती, दुकानदाराचे शब्द, सगळं मुद्देसूद उतरलं. मग वाक्य आलं : 'सायकलच्या वापरात व निगेत आमच्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही.' लिहिलं, आणि पेन तिथंच थांबलं.

कारण मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी पाहिलंच नव्हतं. मिस्त्रीचा मुलगा मी, आणि चाकाला हात लावायचं सोडून मेकॅनिकच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो होतो.

अब्बांची एक आठवण आहे. एकदा कोरेगावचा एक शेतकरी जुनी सायकल घ्यायला आला. सौदा ठरला, पैसे मोजून झाले, तेवढ्यात अब्बांनी सायकल उलटी करून त्याला चिमटा दाखवला. "इथं तुटला होता, वेल्डिंग केलंय. ओझं टाकू नका." तो पैसे खिशात घालून निघून गेला. त्या रात्री अम्मी बराच वेळ बोलत होती आणि अब्बा गप्प जेवत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. माळ्यावरून पेटी काढली. पान्यांवर गंज चढला होता, निपल पाना मात्र कापडात गुंडाळलेला, तसाच्या तसा. आधी मागचं चाक खोललं. कोन सैल करताना जोर लावावा लागला, इतका तो आवळलेला. आत ग्रीस जवळजवळ नाहीच. छर्रे काळे पडलेले, कोनावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. ही झीज पोराच्या चालवण्यानं होत नाही. सायकल जोडताना कोणी हब उघडून पाहिला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडं वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंगला सायकल आली की अब्बा पहिल्यांदा हेच बघत.

मग पुढचं चाक. रिमच्या बाजूला फूटपट्टी लावून उजेडाकडं धरली. मधोमध फट दिसली. म्हणजे कड वाटीसारखी आत गेलेली. अशा रिमला झीज दाखवणारी बारीक खाच असते, ती पुसली गेली की रिम संपला. पुसली गेली होती. कड आणखी पातळ झाली असती तर हवेच्या दाबानं रिम घाटातच फाटला असता. या विचारानं मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

ब्रेकचे गुटके काढले. रबरात जांभ्याची तांबडी खर रुतलेली, आणि तिच्यात अॅल्युमिनियमचे चकाकते कण. दाभणानं टोकरले तर चमचाभर निघाले. चार महिने पोरगा पावसात, घाट उतरताना, रिमवर पॉलिशपेपर घासत आला होता. अब्बांच्या जुन्या सायकलींचे रिम लोखंडी, ब्रेकही आतल्या बाजूनं लागायचे. पावसात ते नावापुरतेच लागत, पण रिम जन्मभर जायचा. अॅल्युमिनियमला ब्रेक चांगला लागतो, त्याची किंमत रिम देतो. आठवड्याला गुटके काढून टोकरले असते, रिम पुसला असता, तर निदान दोन पावसाळे निघाले असते. दुकानदारानं हे सांगितलं नाही. पण मीही मुलाला ते सांगितलं नव्हतं. त्याला सांगायचं, तर कुठं शिकलो तेही सांगावं लागलं असतं.

"अब्बा, तुम्हाला हे कसं येतं?" तो मागं उभा राहून विचारत होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर दुकानात गेलो. कोन आणि छर्रे कागदात बांधून नेले होते. काउंटरवर ठेवले. "हा दोष तुमचा. हब कोरडा होता आणि आवळून बसवला होता. पुढचा रिम आमच्या निष्काळजीपणानं गेला, त्याचे पैसे मी देतो." मालकानं कोन उचलून बघितला, बोट फिरवलं, मेकॅनिकला हाक मारली. तो पोरगा म्हणाला, "सीझनला दिवसाला आठ-आठ सायकली जोडतो, सर. हब उघडायला वेळच नसतो." मालक त्याच्याकडं रागानं बघत राहिला. नंतर मला म्हणाला, "मागचं चाक बदलून देतो." जरा थांबून, "तुम्ही या लायनीतले का?"

"सदर बझारला आमच्या वडिलांचं दुकान होतं. मिस्त्री होते." हे वाक्य मी बाहेरच्या माणसाशी किती वर्षांनी बोललो, कोण जाणे.

पुढच्या हबवर नुसता रिम चढवायचा म्हणजे छत्तीस तारा नव्यानं गुंफायच्या. मेकॅनिकला ते येत नव्हतं. तो तयार चाकंच बसवायचा. म्हटलं, आण इकडं. सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि स्टुलावर बसलो. पहिल्या आठ-दहा तारा चुकल्या, काढून पुन्हा घातल्या. प्रत्येक तार तिघींना ओलांडून गेली पाहिजे, हे डोक्यापेक्षा बोटांना आधी आठवलं. मग सायकल उलटी करून खिशातला शाळेचा खडू रिमजवळ धरला आणि चाक फिरवलं. जिथं खडू उमटला तिथं आउट. एका बाजूची तार अर्धा आटा ढिली, समोरची अर्धा आटा घट्ट.

पाऊण तास लागला. अब्बांना वीस मिनिटं पुरत. तरी एका जागी कागदाएवढा आउट राहिलाच. तो काढायच्या नादात दुसरीकडं येईल म्हणून सोडून दिला. मालकानं रिमचे आणि तारांचे मिळून साडेअकराशे घेतले. मुलगा सायकल घेऊन पुढं निघाला, तेव्हा मी त्याला गुटक्यांचं पुन्हा एकदा सांगितलं. "कितीदा सांगता, अब्बा," म्हणाला.