पिंपळीचा पाऊस पेटीवर

जून महिन्यात बारामतीजवळच्या पिंपळीला गेलात, तर आभाळाकडे बघून बघून मान दुखेल! सह्याद्री ओलांडताना पाऊस बराचसा पलीकडेच सांडून येतो. इथं ढग दाटतात नि वाऱ्याबरोबर निघून जातात. नीरा डावा कालवा आहे म्हणून या भागातला ऊस तग धरतो. कोरडवाहू रानाला मात्र वाटच बघावी लागते.

हे वाट बघणंही सुरांत उतरतं, बरं का! इटलीच्या विवाल्डीच्या 'चार ऋतू' या रचना १७२५ साली छापल्या गेल्या. त्यात व्हायोलिनं चक्क गडगडतात! आपला मियाँमल्हार नकला करत नाही. त्याचा कोमल गंधार भरल्या ढगासारखा नुसता झुलत राहतो. कुमार गंधर्वांनी तर 'गीतवर्षा' हा अख्खा कार्यक्रमच पावसाच्या गाण्यांचा केला होता.

शाळेत पेटी आहे ना? पांढरी एक हा सा धरा. मग काळी पाच, पांढरी सहा, पांढरी सात सावकाश वाजवा नि तिथंच थांबा. वरचा सा वाजवायचा नाही! जीव कसा टांगणीला लागतो? पिंपळीचा शेतकरी जूनमध्ये तिथंच उभा असतो.

हं, आता वाजवा वरचा सा.